एक बुश, एक व्हर्नियर आणि ४१ अर्ज

भोसरीकर_टर्नर | रविवार, सकाळी ९:४०

मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय. आज लिहायला बसलो कारण डोकं फिरलंय.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, एक व्हीएमसी (तसंच मिलिंग मशीन), दोन जुन्या हाताच्या लेथ (त्यातली एक माझ्यापेक्षा वयाने मोठी), एकूण चौदा माणसं. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या मधल्या कंपनीला माल देणारे आम्ही. गेल्या महिन्यात दोन ऑपरेटर हवेत म्हणून चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकलं. ४१ अर्ज आले. अकरा बीई, नऊ डिप्लोमा, दोन बीकॉम, बाकी आयटीआय. सतरा जणांना बोलावलं.

आमच्याकडे मुलाखत म्हणजे टेबलावर एक बुश (मधे आरपार भोक असलेली धातूची नळी), त्याचं ड्रॉइंग आणि एक व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी). ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे भोक, २५ एच-७: २५ मिलिमीटर, आणि किती फरक चालेल ते एच-७ ने ठरतं. म्हटलं, मोजा आणि सांगा, पास का रिजेक्ट.

चौघांचा वेळ व्हर्नियर कुठून धरायचा हे ठरवण्यातच गेला. सात जणांनी मोठी पट्टी वाचून 'पंचवीस' म्हणून सोडून दिलं. खालच्या बारीक रेघा कशाला असतात हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. एका बीईवाल्याने बेसिक होल सिस्टिम मला घडाघडा म्हणून दाखवली, पण बोअर मोजायला वरचे छोटे जॉ आत घालायचे असतात हे काही त्याच्या हाताला माहीत नव्हतं. चौघांनी नीट वाचून 'पंचवीस पूर्णांक शून्य दोन, पास' सांगितलं. त्यांच्यातलेच दोन घेऊन मी मोकळा झालो असतो.

सतरावा पोरगा मात्र व्हर्नियरला हातच लावेना. म्हणाला, "साहेब, प्लग गेज आहे का?" (म्हणजे भोकात घालून बघायचा नेमक्या मापाचा दांडा.) मी म्हटलं, का रे? तर म्हणे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), "एच-७ ला सगळी मिळून २१ मायक्रॉन टॉलरन्स. हा व्हर्नियर २० मायक्रॉनच्या खालचं दाखवतच नाही. ह्याच्यावर पास म्हणलं तर ते अंदाजपंचे झालं."

मी उठून चहा सांगितला.

पोरगा बीड जिल्ह्यातला, तालुक्याच्या गावातल्या आयटीआयचा. तिथे म्हणे दोन वर्षांत लेथवर त्याची पाळी मोजून वीस-पंचवीस वेळा आली. हे शहाणपण तिथलं नव्हे. नंतर वाळूजला एका कंपनीत वर्षभर ॲप्रेंटिस होता, इन्स्पेक्शनच्या खोलीत. तिथल्या एका म्हाताऱ्या इन्स्पेक्टरने व्हर्नियर हातातून काढून घेऊन दहा वेळा ओरडून शिकवलं.

आता माझं दुखणं सांगतो. मागच्या तिमाहीत बाराशे बुशांची अख्खी लॉट परत आली, वर डेबिट नोट. बोअर मोठा. ऑपरेटर बीई होता आणि व्हर्नियरने मोजत होता. ज्याचं सोळा वर्षांचं शिक्षण झालंय त्याच्या हातून एका वर्षाच्या ॲप्रेंटिसला कळणारी चूक होते. पेपरात रोज 'मानवी भांडवल', 'युवा देश' वाचतो. भांडवल म्हणजे लावल्यावर परत येतं ते. सरकार शाळेवर लावतं, बाप क्लासवर लावतो. पण ज्या शेवटच्या वर्षात ते सगळं हातात उतरतं, त्यावर कोणी दमडी लावायला तयार नाही. कबूल करतो, मीही नाही. मागे तीन पोरं तयार केली होती. तिन्ही चार हजार जास्त मिळतात म्हणून चाकणला गेली. पुन्हा कोण घालतो हात?

---

परखड | रविवार, ९:५८

डिजिटल व्हर्नियर घ्या की ओ एक. कुठल्या जमान्यात आहात?

---

भोसरीकर_टर्नर | रविवार, १०:०५

@परखड, आहे डिजिटल. पडद्यावर आकडे जास्त दिसतात म्हणून माप जास्त खरं होत नाही. तुम्ही सतरांतले सोळावे :)

---

अर्थात | रविवार, ११:३०

धागा आवडला. चाकणला पळालेल्या त्या तीन पोरांवर अर्थशास्त्रात साठ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. मी हाच विषय शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात नोकरीतल्या प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. एक फक्त त्याच कारखान्यात उपयोगी पडणारं: तुमची फाइल कुठे असते, तुमच्या म्हाताऱ्या लेथची खोड काय. दुसरं कुठल्याही कारखान्यात चालणारं. प्लग गेज दुसऱ्यात येतं. ह्या दुसऱ्या प्रकारावर मालक शहाणा असेल तर खर्च करणार नाही, कारण झाड लावायचं त्याने आणि आंबे खायचे शेजाऱ्याने. बेकर म्हणतात, त्याची किंमत शिकणाराच देतो, शिकण्याच्या काळात कमी पगार घेऊन. ॲप्रेंटिसचं विद्यावेतन पगाराहून कमी का, ह्याचं उत्तर हेच.

कागदावर हे सुरेख बसतं. पण बीडहून आलेल्या पोराने कमी पगारात कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे कसे भागवायचे? कर्ज काढावं म्हटलं तर बँक शेतावर बोजा चढवेल, हातातल्या कसबावर कसा चढवणार? कसब जप्त करता येत नाही. त्यामुळे मालकही लावत नाही, पोरगाही लावू शकत नाही, आणि दोघांच्या फायद्याची गोष्ट दोघांच्या मधे पडून राहते. सरकारने मधे पडावं असं जे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, ते अशाच जागी.

मधे पडलेलं आहे, बरं का. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असतील तिथे मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. तुमच्यासारख्या चार ते एकोणतीसवाल्यांना सक्ती नाही, पण घेता येतात. २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. तुम्ही कधी नोंदणी केली होती का?

---

भोसरीकर_टर्नर | रविवार, ११:५२

@अर्थात सर, नाही केली. पोर्टल म्हटलं की आमच्या अंगावर काटा येतो. जीएसटीचं एक आहे तेवढं बास. पण बोजाची गोष्ट पटली. माझ्या वेळी मोठ्या कंपनीत ॲप्रेंटिसशिप मिळाली, तेव्हा वडिलांनी वर्षभर गावाहून धान्य पाठवलं होतं. म्हणजे किंमत त्यांनी भरली. आज हिशोब लागला.

---

परखड | रविवार, दुपारी १:१५

जेवण झालं, आता बोलतो.

पहिलं म्हणजे 'मानवी भांडवल' ह्या शब्दाचीच चीड येते. माणूस म्हणजे काय मशीन आहे, घसारा काढायला?

दुसरं, शिकवलं की देश पुढे जातो हे गृहीतकच मला पटत नाही. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. माळामाळावर इमारती उभ्या राहिल्या. दिवे लागले असतीलही, नाही म्हणत नाही, आयटीवाली अर्धी पिढी त्यातूनच निघाली. पण आज माझ्या गावाजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला विद्यार्थी मिळत नाहीत आणि सभागृह लग्नाला भाड्याने देतात. ज्यांना मिळाली त्यांच्या पदव्यांचं काय झालं ते धागाकर्त्यांनी वर लिहिलंच आहे. केरळ घ्या. सगळे शिकले आणि आखातात गेले. राज्य मनीऑर्डरवर चाललं. आधी कारखाना लागतो. कारखाना आला की माणूस आपोआप शिकतो.

---

जुनी_वही | रविवार, २:४०

परखड यांच्या शेवटच्या वाक्याला पुरावा मीच देते, मग उलट बाजूनेही बोलते.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. निवडुंग आणि साप एवढीच तिथली संपत्ती. माणसं आणली आसपासच्या खेड्यांतली, त्यात तुरुंग भोगून आलेलेही होते. आयटीआय नव्हता, पदविका नव्हती. शेतकऱ्यांची पोरं ओतकाम आणि जुळणी तिथेच शिकली आणि लोखंडी नांगर देशभर गेले. तेव्हा कारखान्यात माणूस घडतो हे खरं.

पण सगळ्या गावांना लक्ष्मणराव मिळाले नाहीत. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारला गेला. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला निवेदन दिलं त्यात म्हटलंय की सरकारी महसूल बहुतांश शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. 'कर कोण भरतो आणि गुंतवणूक कोणावर होते' असा तो सरळ अर्थशास्त्रीय सवाल आहे. सयाजीरावांनी अमरेलीत १८९३ ला प्रयोग करून १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर सक्ती आणली. गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पाडणाऱ्यांत आपलेही होते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात कायदा केला.

आणि १९१९ मध्ये भाऊरावांनी काल्याला रयत काढली. माझे आजोबा साताऱ्याच्या बोर्डिंगात होते. त्यांच्या वहीत, म्हणजे खरोखरच्या जुन्या वहीत, एका पानावर बीजगणित आहे आणि मागच्या पानावर 'आज खडी फोडली, चार पाट्या' असा हिशोब. कमवा आणि शिका म्हणजे भाषणातली गोष्ट नव्हती. अर्थात सर वर म्हणाले ना, शिकण्याची किंमत शिकणारा भरतो आणि त्याच्याकडे पैसे नसतात? भाऊरावांनी त्यावर काढलेली ती युक्ती होती. पैसे नाहीत तर श्रमाने भर. वसतिगृह चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी कोणीतरी किंमत भरतंच.

---

मुक्काम_पोस्ट | रविवार, ३:०५

वाचनखूण साठवली. @जुनी_वही, त्या वहीवर स्वतंत्र धागा काढा ना.

---

अर्थात | रविवार, ४:२०

@परखड, शब्दाची चीड तुम्हाला एकट्याला नाही. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० च्या आपल्या प्रसिद्ध अध्यक्षीय भाषणात सुरुवातीलाच हे मान्य केलं होतं की माणसाला भांडवल म्हणणं लोकांना अपमानास्पद वाटतं, गुलामगिरीची आठवण येते. त्यांचं म्हणणं असं की स्वतःत गुंतवणूक केल्याने माणसापुढचे पर्याय वाढतात, म्हणजे तो जास्त मोकळा होतो. १९७९ चं नोबेल त्यांना मिळालं. शेतीचा अभ्यास करणारा माणूस होता, म्हणून मला जवळचा वाटतो.

हा विषय निघाला कुठून तेही गमतीचं आहे. १९५७ मध्ये रॉबर्ट सोलो यांनी अमेरिकेच्या चाळीस वर्षांच्या वाढीचा हिशोब मांडला. दर तासाच्या कामातून निघणारं उत्पादन दुप्पट झालेलं, पण यंत्रसामग्री वाढल्यामुळे म्हणावं तर त्यातला आठवा हिस्साच समजत होता. उरलेले सात हिस्से कुठून आले? त्या न लागणाऱ्या बेरजेत काय काय आहे हे शोधताना शिक्षण, आरोग्य, कसब हाताला लागलं.

आता तुमचा मुख्य मुद्दा. त्यात दम आहे. लॅन्ट प्रिचेट यांनी २००१ मध्ये एक निबंध लिहिला, त्याचा प्रश्नच असा की एवढं सगळं शिक्षण गेलं कुठे? गरीब देशांनी शाळा भराभर वाढवल्या, पण ज्यांनी जास्त वाढवल्या ते जास्त वेगाने वाढले असं आकड्यांत दिसेना. कारणं त्यांनी तीन सुचवली. शिकलेली माणसं जिथे खरं उत्पादन होत नाही अशा जागी गेली. किंवा कारखानेच वाढले नाहीत, म्हणजे तुमचं म्हणणं. किंवा शाळेत बसून पोरं काही शिकलीच नाहीत.

तिसरं कारण मला आपल्यासाठी सगळ्यात झोंबणारं वाटतं. जागतिक बँकेचा २०२० चा मानवी भांडवल निर्देशांक बघा. शिक्षण आणि आरोग्य पूर्ण मिळालं तर १ धरतात. भारत ०.४९, दक्षिण कोरिया ०.८०. आपल्या पोराला शाळेची सरासरी ११.१ वर्षं मिळतील असं धरलंय, पण प्रत्यक्ष शिकण्याच्या मापाने ती ७.१ च भरतात. चार वर्षं बाकावर बसण्यात गेली. पट्टी पूर्ण आहे, खालच्या रेघा वाचता येत नाहीत.

कोरियाबद्दल एकच सांगतो. १९६० च्या सुमारास तो आपल्याइतकाच गरीब गणला जायचा. फरक असा की तिथली जवळजवळ सगळी मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती आणि १९६१ च्या जनगणनेत आपली साक्षरता २८ टक्के होती. कारखाने आले तेव्हा माणसं तयार होती. १९७० नंतर जड उद्योग आणायचे ठरलं तेव्हा तांत्रिक शाळाही त्याच हिशोबाने काढल्या. आधी कोंबडी की अंडं हा वाद त्यांनी घातला नाही, दोन्ही बरोबर पाळलं. आणि केरळचं म्हणाल तर आज तिथलं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या बरंच वर आहे. मनीऑर्डर पाठवायलाही आधी शिकलेला माणूस लागतो.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:१०

अर्थात सरांच्या त्या हरवलेल्या चार वर्षांतली दोन तरी माझ्या शाळेतून गेली असतील.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. दिवाळीच्या आसपास आमचं गाव रिकामं होतं. ऊसतोडीला कोयते जातात. बाहेरच्यांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती जोडीला. मागे म्हातारं कोणी असेल तर पोरगं राहतं, हंगामी वसतिगृह वेळेत चालू झालं तरी राहतं. नाहीतर बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर ते पण जातं, धाकट्याला सांभाळायला. परत येतं ते पाडव्याला, कधी त्याच्याही नंतर. पटावर नाव असतंच. पुढच्या वर्गातही जातंच.

मागच्या वर्षीचा एक प्रसंग. पाचवीतला एक मुलगा एप्रिलमध्ये परत आला. फळ्यावर भागाकार दिला, ८४ भागिले ६. हात बांधून उभा. मग सहज विचारलं, तुमच्या गाडीत मोळ्या किती बसतात, किती खेपा झाल्या, टनाला काय भाव धरला? पोराने आईबापाची उचल किती फिटली आणि किती राहिली हे तोंडी सांगितलं. मुकादमाने एक खेप कमी धरली होती हेसुद्धा. सगळं डोक्यात. त्याला वहीवरचं भागाकाराचं घर दाखवलं की मात्र तो परक्या गावात आल्यासारखा बघतो.

मला त्याची लाज वाटली नाही, माझी वाटली. पोराकडे भांडवल आहे, त्याचं खातं आमच्या शाळेत उघडलेलंच नाही.

असरचे, म्हणजे गावोगावी मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीचे, आकडे सांगतो. २०२४ मध्ये देशातल्या ग्रामीण भागातली पाचवीची ४८.८ टक्के मुलं दुसरीचं पुस्तक वाचू शकली, भागाकार ३०.७ टक्क्यांना आला. २०२२ पेक्षा बरंच बरं आहे, कोविडने खड्ड्यात घातलेली गाडी वर येतेय. पण तरी पाचवीतल्या दहातल्या सात जणांना भागाकार येत नाही. धागाकर्त्यांनी जी व्हर्नियरची गोष्ट सांगितली तिची सुरुवात इथे होते. लीस्ट काउंट, म्हणजे व्हर्नियर दाखवू शकतो ते सगळ्यात लहान माप, हा भागाकारच ना शेवटी? एक मिलिमीटर भागिले पन्नास.

---

अर्थात | रविवार, ९:४५

गोदाकाठ सर, नि:शब्द. 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात २०२५ ला नेमकं हेच आलंय: कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशोब तोंडी करतात आणि शाळेच्या पद्धतीने तोच प्रश्न घातला की अडतात. शाळेत जाणाऱ्यांचं उलटं.

---

रविवारी_ओपीडी_बंद | सोमवार, सकाळी ७:३०

सगळे शाळेपासून सुरू करताय. मी त्याच्याही आधी जाते. ज्या मुलाला भागाकार येत नाही त्याची उंची कोणी मोजली का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांत जे राहून गेलं ते नंतर खिचडीने पूर्ण भरून येत नाही. अर्थात सरांच्या निर्देशांकात खुजेपणाही धरलेला आहे, पण तो कोणी बातमीत सांगत नाही. ऊसतोडीला गेलेली बाई सातव्या महिन्यात मोळी उचलते, तिथून ह्या धाग्याची पहिली ओळ सुरू होते.

निराश व्हायला नको म्हणून एक चांगलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू उतरवून दाखवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ती पद्धत आली. त्या बायकांची पदवी कोणती होती? ओपीडी उघडायची वेळ झाली, पळते.

---

स्टुटगार्टचा_पाहुणा | सोमवार, दुपारी १२:१०

(इकडे आत्ता सकाळ.) ॲप्रेंटिसशिपवर थोडं. मी इथे जर्मनीत अकरा वर्षं आहे. आमच्या कंपनीत दर सप्टेंबरला सोळा-सतरा वर्षांची पोरं येतात. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, असं साडेतीन वर्षं. पहिले काही महिने तर नुसती कानस. लोखंडाचा ठोकळा घासून चौरस करायचा, गुण्या लावून उजेडात धरायचा, फट दिसली की पुन्हा. धागाकर्ते हसत असतील, आपल्या आयटीआयच्या अभ्यासक्रमातही हेच आहे.

फरक परीक्षेत आहे. ती कंपनी घेत नाही आणि शाळाही घेत नाही, उद्योगांचं मंडळ घेतं. त्यामुळे प्रमाणपत्र दाखवलं की देशभर कुठल्याही मालकाला पोराला काय येतं ते कळतं, व्हर्नियरची मुलाखत घ्यावी लागत नाही. आणि पळवापळवीचं म्हणाल तर सगळेच शिकवतात, त्यामुळे एक गेला तर दुसऱ्याने घडवलेला आपल्याकडे येतो. एकट्याने शिकवलं तर तो भोळा ठरतो.

आंधळं कौतुक करत नाही. इथे चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात आणि परदेशातून आलेल्या आईबापांची मुलं बहुतेक खालच्या वाटेला लागतात. आपल्याकडे हे केलं तर कोणाची पोरं कुठल्या वाटेला जातील हे सांगायला नको.

जाता जाता, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ह्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. धागाकर्ते, चाकणचं काय घेऊन बसलात, तुमचा बीडचा पोरगा उद्या माझ्या शेजारी राहायला येईल.

---

परखड | सोमवार, १:००

घ्या! म्हणजे भोसरीने शिकवायचं, चाकणने पळवायचं आणि शेवटी स्टुटगार्टने न्यायचं. आंबे कोणाचे म्हणालात?

---

जी_झिरो_वन | सोमवार, रात्री १०:५०

घरातलं आवरून आत्ता वाचलं. डिप्लोमा, मेकॅनिकल. चार वर्षं व्हीएमसी प्रोग्रॅमिंग केलंय, पाच अक्षांच्या मशीनवरसुद्धा. लग्नानंतर गाव बदललं. नव्या ठिकाणी तीन वर्कशॉपांत विचारलं. तिन्हीकडे उत्तर सारखं: 'मॅडम, तुम्हाला इथे जमणार नाही.' मला काय जमतं हे कोणी विचारलं नाही, बुशही दिला नाही मोजायला. सध्या एका ऑफिसात एक्सेल भरते.

हरवलेल्या वर्षांचा हिशोब चाललाय म्हणून विचारते. शाळेतही गेले, शिकलेही, हातातही उतरलं. माझी कुठल्या रकान्यात धरायची?

आणि धागाकर्त्यांना साधा प्रश्न. ४१ अर्जांत मुली किती होत्या? सतरांत किती बोलावल्या?

---

अर्थात | सोमवार, ११:१५

प्रिचेटच्या यादीत हे चौथं कारण हवं होतं.

---

भोसरीकर_टर्नर | मंगळवार, रात्री ९:३०

कालपासून हा प्रश्न डोक्यात आहे. उत्तर द्यायला उशीर केला कारण देण्यासारखं नव्हतं.

४१ मध्ये तीन मुली होत्या. एक आयटीआय टर्नर, एक टूल अँड डाय मेकर, एक डिप्लोमा. एकीलाही बोलावलं नाही. गाळ्यात संडास एकच आहे, कॉम्प्रेसरच्या मागे, आणि त्याला आतून कडी नाही. दोन वर्षं नाही. आम्ही चौदा बाप्ये, बाहेरून खाकरून जातो. अर्ज बघताना मी 'नको, उगाच भानगड' म्हणून तीन पानं बाजूला ठेवली, दुसरा विचारही केला नाही. कसब मिळत नाही म्हणून धागा काढला मी, आणि टूल अँड डाय मेकर हातची सोडली शंभर रुपयांच्या कडीसाठी.

आज तिघींना फोन केले. टूल अँड डाय मेकर चाकणला लागलीसुद्धा, अर्थातच. डिप्लोमावालीने फोन उचलला नाही. टर्नर मुलगी दुपारी आली, वडिलांना घेऊन. वडील बाहेर स्टुलावर बसले. तिला बुश दिला, व्हर्नियर दिला. शांतपणे वाचून म्हणाली, पंचवीस पूर्णांक शून्य दोन, पास. मी मोठ्या तोऱ्यात २१ मायक्रॉनची गोष्ट सांगितली, की एच-७ ला प्लग गेज लागतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो टेबलावर ठेवला का नव्हता?"

बीडचा पोरगा शेजारच्या मशीनवर होता, तो मान खाली घालून हसला. (हो, त्याला घेतला. १९ हजार हातात. @स्टुटगार्टचा_पाहुणा, दोन वर्षं तरी नजर लावू नका.)

तिला पहिल्या तारखेपासून ये म्हणालोय, पहिल्या पाळीला. वडिलांनी जागा फिरून बघितली, सगळीकडे. संडासही बघितला. काही बोलले नाहीत. कळवतो म्हणाले.

अर्थात सर, त्या पोर्टलवर खातं उघडलंय. ओटीपी आला नाही, ती वेगळी कथा. संध्याकाळी गाळेमालकाकडे गेलो होतो वेगळ्या संडासाचं विचारायला. तो म्हणतो, फार तर कडी बसवून देतो, तीही दिवाळीनंतर.

---

परखड | मंगळवार, ९:४१

अहो, कडी तरी तुम्हीच बसवा. घरात दोन लेथ आहेत ना तुमच्या?

---

जी_झिरो_वन | मंगळवार, १०:२०

आणि बसवल्यावर तिच्या वडिलांना फोटो पाठवा.